कुरणशाळा आणि घरशाळा

निसर्गातून, खेळातून शिक्षण म्हटले की आज शहरातली घरशाळा आठवते : पाने, बिया, लाकडी ठोकळे आणि दिवसभर मोकळी असलेली आई. ही शेवटची अट सहसा कुणी उच्चारत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, पुढे ते कोसबाडला नेले; तेथे ही अट टिकणारच नव्हती. मूल बालवाडीत येईना, म्हणून बालवाडी त्याच्या अंगणात गेली. थोरले मूल गुरांमागे जाई, म्हणून शाळा कुरणावर गेली. खडे, पाने, बिया ही साधने तिथे पडलेलीच होती. मात्र कुरणशाळेने मुलाचे गुरे राखणे मान्य करून टाकले, हा तिचा उणेपणा. कौतुकाच्या भरात तो झाकला जातो.

परभणीच्या काळ्या रानात, दिवाळीच्या सुमारास, आई कापूस वेचते आणि लेकरू बांधावर बसते. बोंडे, सरकी, मुंग्यांची रांग, सारे त्याच्यापुढे आहे. त्याने काही विचारले तर थांबून सांगणारे माणूस तेवढे नाही. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीची अंगणवाडी गावात आहे. वेचणीच्या दिवसांत आई-लेकरू दोघेही रानात.