ठसा आणि चित्र

सायनोटाइप ह्या निळ्या छपाईचा छंद ज्यांना लागला आहे, त्यांच्या घरीं भिंतीवर बहुधा एक नेच्याचें पान लटकलेलें असतें. गर्द निळ्यावर पांढरें शुभ्र पान, कडेचा दांता न्‌ दांता स्पष्ट. पाहणारा ‘वा!’ म्हणतो आणि पुढें जातो. हें कौतुक नेच्याचें कीं छापणाराचें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. कला म्हणून ह्या छपाईचा विचार करावयाचा तर प्रारंभ तेथूनच केला पाहिजे.

कृति अवघड नाहीं. सर जॉन हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें ती १८४२ सालीं शोधून काढली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन क्षार पाण्यांत निरनिराळे विरघळवून, मग एकत्र करून मंद उजेडांत कागदावर लावावयाचे. कागद अंधारांत वाळला कीं त्यावर वस्तु ठेवून तो उन्हांत मांडावयाचा. अतिनील किरणांनीं लोहाचें रूप पालटतें आणि प्रशियन निळा रंग तयार होतो. वस्तूच्या आड राहिलेले क्षार पाण्यानें धुऊन जातात व तेवढा कागद पांढरा राहतो. कॅमेरा नको, भिंग नको. पुढें इंजिनिअर मंडळींनीं हीच युक्ति नकाशांच्या प्रती काढण्यास उचलली. ‘ब्ल्यूप्रिंट’ हा शब्द त्यांतूनच आला.

हर्शेलच्या परिचयांतील अ‍ॅना अ‍ॅटकिन्स ह्या बाईंनीं १८४३ पासून सुमारें दहा वर्षें ब्रिटिश समुद्रशैवालांचे असे ठसे काढून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. बाईंना चित्रें काढावयाचीं नव्हतीं. हातानें रेखाटतां न येणारा शैवालाचा बारीक तपशील नोंदवावयाचा होता. तरीही तीं पानें आज चित्रें म्हणून पाहिलीं जातात. आमच्या मतें ह्याचें श्रेय बरेंचसें विषयाच्या निवडीस आहे. शैवाल कोठें जाड, कोठें पातळ. ऊन त्यांतून गाळून येतें, म्हणून पांढऱ्याच्या आणि निळ्याच्या मधल्या छटा उमटतात. किल्ली, कात्री, नाणें ह्यांच्या ठशांत हा मधला प्रदेशच नसतो. कात्री ठेवली कीं कात्रीएवढें भोंक उमटतें, इतकेंच.

पालघरच्या बाजूस राहणाऱ्यानें विषयासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. सातपाटीच्या जाळ्याचा फाटका तुकडा घ्यावा. नायलॉनचा धागा थोडें ऊन सोडतो, गांठी अडवितात. फिकट रेघांवर ठळक ठिपके असें जाळें कागदावर येतें. सुका बोंबीलही वाईट नाहीं, कडांतून ऊन झिरपतें. वास मात्र सोसावा लागतो. बोईसरच्या कारखान्यांकडे भोकें पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या भंगारांत निघतात. पट्टी कागदावर टेकवून काढलेला ठसा नीटनेटका असतो आणि एकदां पाहिला कीं पुनः पाहावासा वाटत नाहीं. पण तीच पट्टी वीतभर उंचावर बांधावी. सूर्य हा बिंदु नसून तबकडी आहे, म्हणून भोकांच्या कडा विरघळतात. शिवाय दहा मिनिटांत तो आकाशांत सुमारें अडीच अंश सरकतो, आणि तेवढ्या उंचीवरून प्रत्येक ठिपक्याची जवळजवळ एक सेंटिमीटर लांबीची रेघ होते. आतां कागदावर पत्रा उरला नाहीं. त्या दहा मिनिटांचें ऊन उरलें. येथें छापणाराचा हात प्रथमच दिसूं लागतो.

ह्याच जिल्ह्यांतील वारली चित्रांशीं ताडून पाहिलें म्हणजे हा भेद अधिक उघड होतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची आकृति; तीही गडद पार्श्वभूमीवर पांढरीच. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांनींही मासे धरण्याचें जाळें रंगविलें आहे. त्या जाळ्यांतील गांठी कोणत्याहि खऱ्या जाळ्याशीं जुळावयाच्या नाहींत, कारण त्या आठवणींतून आलेल्या आहेत. आणि तरी पाहणाराची नजर त्यांत अडकून राहते. सूर्याला आठवण नाहीं. तो महत्त्वाचें आणि बिनमहत्त्वाचें सारख्याच ममतेनें उमटवितो. काय ठेवावें आणि त्याहून अधिक म्हणजे काय काढून घ्यावें, हें छापणारानें ठरविलें नाहीं तर तो केवळ उन्हाचा हमाल ठरतो. आमच्या पाहण्यांत येणाऱ्या ठशांपैकीं पुष्कळसे ह्याच जातीचे असतात: पान, पीस, लेसचा तुकडा, आणि कोपऱ्यांत सही!

व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवतों. प्रशियन निळ्याला अल्कधर्मी पाणी सोसत नाहीं. कूपनलिकेचें पाणी तसें असलें तर धुतां धुतां रंग उतरतो. त्यांत थोडें लिंबू पिळावें. उजेडांत टांगलेला ठसा काळानें फिकटतो, परंतु अंधारांत ठेवला असतां त्याचें निळेपण बरेंचसें परत येतें. पावसाळ्यांत ह्या किनाऱ्यावर छपाई नाहींतरी बंदच पडते. तेवढे चार महिने भिंतीवरचे ठसे उतरवून कोरड्या कपाटांत ठेवावे. त्या नेच्याच्या पानालाही जरा विश्रांति मिळेल.