हौद आणि जाळें

नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, 1750 च्या सुमारास, कात्रजचें पाणी बांधीव नळांतून पुण्यांत खेळविलें गेलें. तेंही एक जाळेंच होतें. परंतु जमिनीखालून धांवणारें तें जाळें ठिकठिकाणीं हौदाच्या रूपानें उघडें होई, आणि जेथें तें उघडें होई तेथें माणसें जमत. फडके हौद, काळा हौद हीं नांवें त्या चौकांनीं अजून टाकलेलीं नाहींत. पाणी कोठून येतें हें पाणक्यासही ठाऊक असे.

2016 च्या जानेवारींत ‘स्मार्ट’ शहरांच्या पहिल्या वीस नांवांत पुण्याची निवड झाली व औंध-बाणेर-बालेवाडीचा भाग मुख्य प्रयोगासाठीं नेमला गेला. औंधांतील कांहीं फुटपाथ त्यामुळें खरोखरच रुंद झाले. वृद्धांस बसावयास जागा मिळाली. या कामास नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. पण स्थापत्य येथेंच संपलें! खांबांवरील कॅमेरे, विजेच्या पाट्या, बागांतील वायफाय यांनीं एकही चौक घडविला नाहीं. बागांसाठीं पत्करलेली ‘स्टेशन’ ही फुकट सेवा तर गूगल कंपनीनें 2020 सालीं गुंडाळण्याचें जाहीर केलें. हौद आटला तरी त्याचें नांव मागें राहिलें. येथें तेंही नाहीं.

हौदांचा हा गौरव कोणास एकांगी वाटेल, आणि तो आक्षेप रास्तच आहे. ते सर्वांचे नव्हते. जोतीराव फुल्यांस 1868 सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला करावा लागला, यांतच सर्व आलें. मात्र त्या काळीं मज्जाव कोण करतो हें डोळ्यांस दिसत होतें, म्हणून फुल्यांस त्याच्याविरुद्ध उभें राहतां आलें. बागेंतील वायफाय मोबाइलचा क्रमांक घेतल्याखेरीज उघडत नसे. तेथला दारवान कोणास दिसला? खांबावरचा कॅमेरा आपणांस पाहतो, आपण त्याच्या धन्यास पाहत नाहीं. अशा रस्त्यावर मनुष्य घटकाभर रेंगाळतो तोही जपून.

24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. स्मार्ट शहरांची योजना 31 मार्च 2025 रोजीं संपली. खांब उभेच आहेत. कॅमेरा कोणाचा, चित्र किती दिवस ठेवणार, तक्रार कोणाकडे करावयाची, एवढें ठळक मराठींत लिहिलेली पाटी प्रत्येक खांबावर लावणें महापालिकेस अवघड नाहीं.