लांपुंगची नौकावस्त्रे : एका अन्वयार्थाची चिकित्सा

दक्षिण सुमात्रातील लांपुंग प्रदेशाच्या विधिवस्त्रांवर नौकेची आकृती वारंवार आढळते. जादा बाण्याने विणलेल्या या वस्त्रांत लहान चौकोनी ‘तांपान’ आणि लांबलचक ‘पालेपाय’ हे प्रकार प्रमुख होत. स्विस अभ्यासक आल्फ्रेड स्टाइनमान यांनी या नौकेचा संबंध मृतात्म्याच्या परलोकप्रवासाशी जोडला, आणि तो अर्थ पुष्कळ काळ प्रमाण मानला गेला.

परंतु केवळ आकृतीवरून अर्थ ठरविणे सदोष होय. तांपान अंत्यविधीप्रमाणेच विवाहातही वापरात असे. त्यात भेटवस्तू गुंडाळल्या जात. पालेपाय हा उच्चकुलीनांचा मान. समारंभात तो प्रमुख व्यक्तीच्या मागे भिंतीवर टांगला जाई. मॅटीबेल गिटिंगर यांच्या १९७९ च्या ग्रंथाने अशा उपयोगांचे महत्त्व दाखविले. मग केवळ मृत्यूची नौका विवाहमंडपी कशी शोभावी? वस्तुतः ती एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या मनुष्याचे वाहन आहे. मृत्यू हे त्या स्थित्यंतरांपैकी एक.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे विणकाम जवळजवळ थांबले. संग्रहालयांत वस्त्रे उरली, विधी दुरावले. म्हणूनच आकृतीइतकीच तिच्या उपयोगाची नोंदही प्रमाण मानली पाहिजे.