बापाच्या यंत्रापाशी

व्यवस्थापन शिकणारा फ्रांक पॅरिसहून आपल्या गावी परततो. गावच्या कारखान्यातल्या मनुष्यबळ विभागात त्याला उमेदवारी मिळाली आहे, आणि त्याच कारखान्यात त्याचे वडील तीस वर्षे एका यंत्रापाशी उभे आहेत. लॉराँ कांते यांचा 'रसूर्स ह्युमेन' (1999) हा चित्रपट एवढ्याच सामग्रीवर उभा आहे. उज्जैनच्या नानाखेडा भागात राहणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटत नाही. इथल्या बसस्थानकावरून इंदूरला शिकायला जाणारी मुले रोज दिसतात. त्यांतल्या काहींच्या घरात आजोबांचा विषय निघाला की विनोद मिल किंवा हिरा मिल हे नाव येतेच.

फ्रान्समध्ये तेव्हा आठवड्याला पस्तीस तास कामाचा कायदा लागू होत होता. त्यावर कामगारांचे मत जाणून घ्यावे म्हणून फ्रांक प्रामाणिकपणे एक प्रश्नावली तयार करतो. युनियनला वळसा घालायला मालकाला नेमके हेच हवे असते. पुढे एका संगणकावर फ्रांकला कपातीची योजना सापडते. बारा जणांना काढायचे आहे आणि त्यांत त्याचे वडीलही आहेत. खलनायक उभा करायची इथे चांगली संधी होती, पण कांते ती घेत नाहीत. मालक सभ्य आहे, फ्रांकशी आपुलकीने बोलतो, त्याला गाडीतून घरी सोडतो. त्या आपुलकीनेच मुलगा कामगारांपासून तुटत जातो, म्हणून तिची जास्त भीती वाटते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते वडिलांचे पात्र. मुलगा यंत्र पाहायला येतो, वडील त्याला काम कसे चालते ते दाखवतात आणि तेवढ्यात मुकादम मुलादेखत त्यांना झापतो. वडील मान खाली घालून पुन्हा कामाला लागतात. इथे संवाद जवळपास नाहीत. यंत्राचा ठोका, त्याच्या लयीत हलणारे हात आणि काय करावे हे न कळलेला, सूट घातलेला मुलगा, एवढेच आहे. वडिलांची भूमिका करणारे जाँ-क्लोद वालो हे व्यावसायिक नट नव्हते. मुलाच्या भूमिकेतला जालिल लेस्पेर सोडला तर बहुतेक मंडळी हौशीच होती आणि चित्रण चालू कारखान्यात झाले. म्हणूनच वालो यांच्या हातांना काम खरोखर येत असल्यासारखे वाटते, आणि त्यांच्या गप्प राहण्यात वर्षानुवर्षांची सवय दिसते.

कपातीविरुद्धच्या संपाच्या दिवशी चित्रपट शिगेला पोहोचतो. सगळे काम थांबवतात, पण वडील थांबत नाहीत. आपल्याला काढणार आहेत हे ठाऊक असूनही ते यंत्र सोडत नाहीत. मग सगळ्यांसमोर मुलगा त्यांच्यावर ओरडतो. कामगाराचा मुलगा असल्याची लाज तुम्हीच माझ्यात रुजवली, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे. हे वाक्य मला क्रूर वाटते आणि खरेही. आपल्या मुलाला या यंत्रापाशी उभे राहावे लागू नये म्हणून ज्या माणसाने आयुष्य घालवले, त्याने प्रेमातूनच मुलाला स्वतःपासून दूर पाठवलेले असते. फ्रांकने मोठे व्हावे म्हणून वडिलांनी जे जे केले, त्याचाच हिशेब तो त्यांच्याकडे मागतो आहे. वडिलांकडे उत्तर नाही, आणि कांते त्यांना ते उसने देत नाहीत.

मराठीत याच्या जवळ जाणारी कलाकृती म्हणजे गिरणगावात वाढलेल्या जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक. 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाने घरे कशी पोखरली, हे पवारांनी चाळीतल्या एका खोलीत दाखवले. तिथे यंत्र थांबलेले आहे आणि त्याचा ठोका ऐकू येत नाही, म्हणूनच माणसे एकमेकांवर तुटून पडतात. कांतेंच्या कारखान्यात तो ठोका अजून चालू आहे आणि भांडण त्याच्यापाशीच होते. उज्जैनच्या विनोद मिलच्या कामगारांनी तर गिरणी बंद पडल्यावर थकबाकीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या काळात त्यांच्या घरांतून बाप आणि मुलांमध्ये काय बोलले गेले असेल, यावर कुणीतरी नाटक लिहायला हवे. सामग्री इथे, आपल्या शहरात पडून आहे.

शेवटी संपकरी कुटुंबांसह कारखान्याबाहेर जमतात. फ्रांक आपल्या एका कामगार मित्राशी बोलत असतो, आणि स्वतःची जागा नेमकी कुठे, या प्रश्नावर येऊन अडतो. 2008 साली 'आँत्र ले म्युर'साठी पाम द'ओर मिळवलेल्या कांतेंचा हा पहिला मोठा चित्रपट. इथेच ते दिग्दर्शक म्हणून मोठे ठरतात असे मला वाटते. मुलगा युनियनच्या बाजूला गेला म्हणजे तो पुन्हा वडिलांचा झाला, असा दिलासा ते देत नाहीत. पॅरिसची पदवी त्याच्या हातात आहेच, आणि संप जिंकला तरी ती परत करता येणार नाही.