शुद्ध निषाद आणि षड्जाची ओढ

पाश्चात्त्य मेजर स्केल आणि पं. भातखंडे यांनी शुद्ध सप्तक म्हणून स्वीकारलेला बिलावल थाट यांची स्वररचना सारखी आहे. त्यामुळे मेजर स्केलमधील सातव्या स्वराचा, म्हणजे ‘लीडिंग नोट’चा, धर्म शुद्ध निषादालाही लावण्याचा मोह होतो. परंतु हे साम्य स्थानांचे आहे. कार्याचेही आहे काय, हा खरा प्रश्न होय.

पाश्चात्त्य संगीतात या स्वराची ओढ केवळ षड्जाच्या सान्निध्यातून निर्माण होत नाही. पंचमावर उभारलेल्या प-नि-रे या स्वरसंघातील तो मधला स्वर असतो. त्या संघात मध्यम मिसळला की मध्यम-निषादाचा विसंवाद उत्पन्न होतो, आणि निषाद षड्जावर व मध्यम गांधारावर गेल्यावर तो शमतो. ओढीचे बळ या रचनेत आहे.

हिंदुस्थानी संगीतात स्वरसंघ नाही. तंबोऱ्याचा षड्ज अखंड वाजत असतो. गन्तव्य स्वर आधीच उपस्थित असल्यामुळे निषादाला तेथे पोहोचण्याची घाई नसते. यमनात ‘नि रे ग’ अशी संगती षड्जाला वळसा घालून जाते. बिहागात निषाद संवादी असून त्यावर न्यासही होतो. भूपात तर निषाद वर्ज्यच आहे, तरी षड्जाचे स्थैर्य उणे होत नाही. लीडिंग नोटशी खरे जवळचे उदाहरण देस रागाचे. तेथे आरोहात शुद्ध निषाद षड्जाकडे चढतो आणि अवरोहात कोमल निषाद त्याची जागा घेतो. म्हणजे ओढ स्वरात नसून चलनात आहे.

श्रुतीचाही विचार आवश्यक आहे. षड्ज 240 कंपनांचा धरल्यास गांधाराशी षड्ज-पंचमभावाने जुळणारा निषाद 450 कंपनांवर येतो. समविभागी पेटीत तो सुमारे 453 वर असतो. तार षड्ज 480 वर. अर्थात पेटीचा निषाद षड्जाच्या अधिक जवळ सरकलेला असतो, आणि केवळ पेटीवरून निष्कर्ष काढणाऱ्यास ओढ असावी त्याहून अधिक भासण्याचा संभव आहे.

या भेदाचे महत्त्व लोकसंगीताच्या स्वरलेखनात विशेष जाणवते. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठमुळे ज्याचे नाव पोवाड्याशी जोडले गेले, त्या पोलादपूर तालुक्यातील वा शेजारच्या महाडमधील भजनाची किंवा पोवाड्याची चाल लिहिताना निषाद षड्जापूर्वी आला, एवढ्यावरून त्यास ‘षड्जाकडे नेणारा’ म्हणणे युक्त नव्हे. तो कोठून आला, त्यावर किती ठहराव झाला, आणि त्यापुढे षड्ज नेमाने आला की क्वचितच, हे तिन्ही पाहिले पाहिजे. चाल मंद्र निषादाला स्पर्श करून परतते, तेथे तो षड्जाचा निव्वळ अलंकारही असू शकेल. शिवाय गायकाचा निषाद गळ्यावरून लिहावा, साथीच्या पेटीवरून नव्हे.

परकीय संज्ञा त्याज्य आहे, असा याचा अर्थ नाही. देससारख्या रागाचे मर्म ती चांगले उकलते. मात्र संज्ञेने प्रश्न सुचवावा. उत्तर चालीनेच दिले पाहिजे.