वरवंट्यापासून मिक्सरपर्यंत : आपल्या लेखनाची एक चिकित्सा

घरातील साधनांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आम्हांस दिसतात. पहिला प्रकार जाहिरातीचा. त्यात गृहिणी नेहमी प्रसन्न असते, तिच्या साडीला चुरगळा नसतो आणि नव्या यंत्राने तिला 'मुक्त' केलेले असते. दुसरा प्रकार स्मरणरंजनाचा. त्यात पहाटेचे जाते, त्याची घरघर, आजीचा सुरेल आवाज आणि 'आता ती चव राहिली नाही' हा ठरलेला समारोप असतो. हे दोन्ही प्रकार एकमेकांचे विरोधक म्हणून वावरतात. तथापि थोडे बारकाईने पाहिले, तर दोहोंत एक समान उणीव आढळते. साधन ज्या हातात आहे, त्या हाताला काय वाटते हे दोघेही विचारीत नाहीत. प्रस्तुत टिपणात या उणिवेचाच विचार करावयाचा आहे. त्यातील बरीच टीका आमच्या स्वतःच्या लेखनालाही लागू आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

बोरगाव-सौंसर-पांढुर्णा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांना स्मरणरंजनाची ओढ अंमळ अधिक आहे. त्याची कारणेही आहेत. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. कचेरीची, शाळेची, बाजाराची भाषा हिंदी झाली. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी त्यात फरक पडण्याचे कारण नव्हते. मराठी उरली ती माजघरात आणि स्वयंपाकघरात. म्हणूनच पाटा, वरवंटा, उखळ, मुसळ, सूप, रोवळी हे शब्द आपल्याला वस्तूंपेक्षा अधिक काही वाटतात. ते आपल्या भाषेचे शेवटचे ठाणे वाटतात. ही भावना खोटी नाही. पण या भावनेपायी आपण स्त्रीच्या श्रमाला वारशाचे रखवालदार करून टाकतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

जात्याचेच उदाहरण घेऊ. जात्यावरच्या ओव्या हा मराठी वाङ्मयाचा थोर ठेवा आहे, यावर दुमत नाही. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून ध्वनिमुद्रणांसह लोकांसमोर येत आहेत. हा संग्रह चाळताना एक गोष्ट मनावर ठसते. या ओव्यांत जात्याचे कौतुक फार थोडे आहे. भावाची वाट आहे, सासरचा जाच आहे, मुलीच्या जन्माची खंत आहे, विठ्ठलाशी केलेले भांडण आहे. जाते हे बाईला बोलावयास मिळालेले ठिकाण होते. पहाटेच्या अंधारात, इतर घर झोपेत असताना, दगडाच्या आवाजाआड तिला जे बोलता आले, ते दिवसा बोलता येत नव्हते.

बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) जात्याला खानदेशी बोलीत 'घरोट' म्हटले आणि त्याच्याशी संवाद केला. त्या गाण्यात दुखणाऱ्या हातांचा उल्लेख स्पष्ट आहे. हात दुखतात आणि तरी संसाराचे गाणे चालू आहे, असे ती कवयित्री एकाच दमात सांगते. आमच्यासारखे समीक्षक मात्र गाणे तेवढे उचलतात आणि हात सोडून देतात. ओवीचा नाद, तिची रचना, तिच्यातील भक्तिभाव यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. पायलीभर ज्वारी दळताना खांद्याचे काय होते, यावर दोन ओळीही सहसा आढळत नाहीत. ओवीकर्तीने स्वतः सांगितलेली गोष्ट समीक्षेने ऐकू नये, हा वाङ्मयीन दोषच म्हणावा लागेल.

विजेची चक्की आली, तेव्हा बायांनी जाते सोडले आणि त्यासाठी कोणाच्या उपदेशाची वाट पाहिली नाही. आमच्या मते हीच जात्याविषयीची त्यांची खरी समीक्षा होती. दळणाचा डबा चक्कीवर नेण्याचे काम मग घरातील मुलांकडे, क्वचित पुरुषांकडेही आले. बाईचे दोन-तीन तास वाचले. त्याचबरोबर ती पहाटेची एकांत जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा आपण तिला दिली नाही. जाते गेल्याचे दुःख करणाऱ्यांनी खरे तर या जागेविषयी लिहावयास हवे होते. आपण दगडाविषयी लिहिले.

चक्कीनंतर मिक्सरचा विचार ओघाने येतो. या यंत्राची कथा उद्बोधक आहे. मुंबईतील अभियंता सत्यप्रकाश माथूर यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे एक जर्मन बनावटीचा मिक्सर होता. मऊ पदार्थ घुसळण्यासाठी केलेली परदेशी मोटर आपल्याकडील भिजलेली डाळ, सुकी हळद, खोबरे यांपुढे टिकणे अवघडच. ती जळाली. आपल्या वाटणाला पेलेल असे यंत्र तुम्हीच करा, असा आग्रह माधुरीबाईंनी धरला आणि 1963 मध्ये 'सुमीत' हा मिक्सर बाजारात आला. पुढे या घराण्यातील यंत्रांनी भारतातील असंख्य घरांतला पाटा उभा करून ठेवला. या कथेतील महत्त्वाचा भाग आमच्या मते हा की, यंत्राचा दोष वापरणाऱ्या बाईने ओळखला, तो शब्दांत मांडला आणि तिचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले. उपकरणाची समीक्षा म्हणतात ती हीच.

मिक्सरवरचा नेहमीचा आक्षेप चवीचा. तो निराधार नाही. वरवंट्याखाली मिरची चेचली जाते, तिचे तंतू आणि बिया वेगळ्या राहतात. मिक्सरचे पाते ती वेगाने कापते, तापवते आणि तिचा लगदा करते. म्हणून पाट्यावरचा ठेचा आणि मिक्सरमधला ठेचा हे दोन निराळे पदार्थ होतात. गोळाभाताच्या गोळ्यांसाठी डाळीचा भरडा हवा असतो, पीठ चालत नाही. मिक्सरचे बटन क्षणभर अधिक दाबले गेले की भरडा हुकतो. भाषेच्या दृष्टीनेही येथे नोंद घेण्यासारखे काही घडले आहे. वाटणे, दळणे, भरडणे, कांडणे, चेचणे, ठेचणे, कुटणे या प्रत्येक क्रियापदामागे हाताची एक वेगळी हालचाल होती आणि पदार्थाचा एक वेगळा पोत होता. आता बहुतेक घरांत 'मिक्सरमधून काढणे' या एका प्रयोगाने काम भागते. आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी घरांत ही हानी विशेष जाणवते, कारण हे शब्द पुन्हा शिकवणारी शाळा आपल्या मुलांना नाही.

परंतु एका क्रियापदासाठी कोणाचा खांदा झिजवावा काय, हा प्रश्न आहे. आमचे उत्तर नकारार्थी आहे. शब्द जपावयाचे असतील, तर ते कोशात, कथेत, या टिपणपत्रिकेत जपावेत. ते काम आपले आहे, स्वयंपाकघरातील बाईचे नव्हे. चवीच्या नावाखाली तिला पाट्याशी बसवणाऱ्यांनी एकदा स्वतः पाट्याशी बसावे आणि मग चवीवर लिहावे. पुरणाची डाळ पाट्यावर वाटून पाहिली की स्मरणरंजनातील बरीच अलंकारिकता आपोआप गळून पडेल.

एक तक्रार मात्र रास्त आहे आणि ती साहित्यात फारशी आलेली नाही. पाटा बोथट झाला की टाकी लावणारी बाई दारावर येई आणि काम उंबऱ्याशीच होई. मिक्सरचा कपलर तुटला, कार्बन झिजला किंवा जारचे पाते ढिले झाले की यंत्र पिशवीत घालून बाजारात न्यावे लागते. कोण नेणार, कधी नेणार, दुरुस्तीचे पैसे कोण देणार हे प्रश्न घरातील सत्तेचे आहेत. आमच्या एका परिचित घरात मिक्सर चार महिने फडताळावर पडून होता. घरच्या कर्त्यांच्या लेखी ती तातडीची गोष्ट नव्हती, कारण चटणी रोज ताटात येतच होती. ती कशी येत होती, हे त्यांनी विचारले नाही. एवढ्या प्रसंगात एक संपूर्ण लघुकथा आहे आणि ती अद्याप कोणी लिहिलेली नाही.

प्रेशर कुकरची गोष्ट थोडी निराळी. भारतात त्याचा प्रसार 1959 नंतर झाला. हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही दोन्ही नावे त्या वर्षापासूनची. वाफ कोंडल्याने आतील दाब वाढतो, पाणी शंभराऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते, हे त्याचे शास्त्र. पण वापरणाऱ्या बाईच्या दृष्टीने कुकरची खरी देणगी शिटी ही आहे. चुलीवरच्या डाळीकडे डोळा ठेवावा लागे. कुकरकडे कान ठेवला की पुरते. दुसऱ्या खोलीत मुलाचा अभ्यास घेता येतो, अंगणात धुणे वाळत घालता येते. मात्र याचाच दुसरा अर्थ असा की, एकाच वेळी दोन कामे करण्याची अपेक्षा तिच्याकडून सुरू झाली. पूर्वी 'डाळ शिजते आहे' हे क्षणभर बसण्याचे कारण होते. शिट्या मोजता मोजता ते कारणही गेले.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी 1983 साली लिहिलेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात नेमके हेच सिद्धान्तरूपाने मांडले आहे. घरगुती यंत्रे आली तेव्हा लाकूड फोडणे, पाणी वाहणे अशी पुरुषांची आणि मुलांची कामे कमी झाली. गृहिणीचे काम मात्र रूप बदलून तेवढेच राहिले, कारण स्वच्छतेच्या आणि जेवणाच्या अपेक्षा वाढत गेल्या. धुलाईयंत्र आले आणि आठवड्याचे धुणे रोजचे झाले. आपल्याकडची आकडेवारी याला दुजोरा देते. केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री 2019 मध्ये दिवसाला 299 मिनिटे बिनमोल घरकामात घालवीत होती, तर घरकामाला हात लावणारा पुरुष 97 मिनिटे. 2024 मध्ये हेच आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत तिची दहा मिनिटे कमी झाली, त्याचीही नऊ झाली. अंतर होते तेवढेच राहिले. यंत्राने वेळ वाचवला, पण त्या वेळेची वाटणी कशी व्हावी हे यंत्र ठरवीत नाही.

मालकीचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरातील प्रौढ स्त्रीच्या नावे दिली जाते. साधनाच्या कागदावर बाईचे नाव असावे, ही आपल्या समाजात लहान गोष्ट नव्हे. या तुलनेत मोबाइलकडे पाहावे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे 54 टक्के, तर मध्यप्रदेशात सुमारे 39 टक्के आढळले. म्हणजे आपल्या राज्यात दहांतील सहा स्त्रियांपाशी हे साधन नव्हते. आज पहाटेच्या जात्याची जागा घेऊ शकेल असे काही असेल, तर ते मोबाइलच असावे. माहेरच्या माणसांशी, मैत्रिणींशी, कोणी मध्ये न पडता बोलता येईल असे ते ठिकाण आहे. म्हणूनच घरोघरी सर्वाधिक पहारा याच साधनावर बसतो. सुनेच्या मिक्सरचा हिशेब कोणी विचारीत नाही. तिने फोनवर कोणाशी आणि किती वेळ बोलावे, हे मात्र विचारले जाते. ओवीचे गोडवे गाणारा समाज ओवी गाणारीच्या हातातील फोनकडे संशयाने पाहतो, ही विसंगती आपल्या साहित्याने टिपलेली नाही.

या क्षेत्रात मराठीत चांगले काही झालेच नाही, असे आमचे म्हणणे नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या 1970 च्या पुस्तकाने पाककृती वाटी-चमच्याच्या मापात आणली. नवख्या मुलीला 'अंदाजाने घाल' असे सांगून वाटेला न लावता, तिच्या हातात असलेल्या भांड्यावर विश्वास ठेवणारी ती दृष्टी होती. नांगर करणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्याच्या परिवारातून 1930 साली 'स्त्री' मासिक निघाले, हाही आपल्या वाङ्मयेतिहासातील अर्थपूर्ण योग होय. यंत्र आणि स्त्रीचे लेखन ही परस्परांपासून दूरची क्षेत्रे नाहीत, हे त्या पिढीने जाणले होते.

आमची सूचना साधी आहे. यापुढे घरगुती साधनावर लिहिताना काही प्रश्न विचारावेत. ते विकत घ्यावे हे कोणी ठरविले? बिघडले तर ते किती दिवस पडून राहते? त्याने वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला गेला? त्याच्यामुळे कोणते बोलणे बंद झाले आणि कोणते सुरू झाले? या प्रश्नांची उत्तरे आमच्यापाशी पुरेशी नाहीत, कारण या पानांवर बहुधा चटणी खाणाऱ्यांनीच लिहिले आहे. आपल्या घरांतील आया, सुना, संत्र्याच्या हंगामात बागेत राबून येणाऱ्या आणि औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या मुली यांना ती ठाऊक आहेत. त्यांनी लिहावे, लिहिणे जमत नसेल तर सांगावे, आणि आपण ते जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत, अलंकार न चढवता उतरवून घ्यावे. तोवर जात्यावरचे आणखी एक हळवे टिपण आले तरी त्यास जागा देण्यापूर्वी आपण थोडे थांबलेले बरे. आमचे स्वतःचे असे एक टिपण तयार होते. ते आम्ही परत घेत आहोत.