दुसरा मजला आणि बारा उच्चार

दोन वर्षांपूर्वी एका जपानी क्लायंटची एक्सेल फाइल माझ्याकडे आली. त्यातल्या दोन रकान्यांची शीर्षकं एकाच कांजीनं सुरू होत होती. तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी आणि वर डावीकडे एक छोटी तिरपी. जमिनीतून वर आलेल्या रोपाच्या चित्रावरून हे चिन्ह घडलं. ते मला पाठ होतं : 'लाइफ'. पहिला रकाना जन्मतारखेचा होता, तो बरोबर लागला. दुसऱ्यात त्याच चिन्हापुढे 'डेटा' हा शब्द होता. लाइफवरून मी लाइव्हवर गेलो आणि टीमला कळवलं, की हा चालू सिस्टिममधला, तपासलेला डेटा आहे. प्रत्यक्षात तो शब्द होता 'नामा देता', म्हणजे कच्चा डेटा. त्यावर दोन दिवस खपून बांधलेले रिपोर्ट टाकून द्यावे लागले.

चूक माझ्या घाईची होती. पण 'लाइफ' हा एकच अर्थ माझ्या डोक्यात कुठून आला, हेही बघायला हवं. तो आला जेम्स हायसिग यांच्या 'रिमेंबरिंग द कांजी' या पुस्तकातून. १९७७मध्ये पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक आजही कांजी शिकणाऱ्यांच्या टेबलावर असतं. पद्धत साधी आहे : प्रत्येक कांजीला एक इंग्रजी शब्द चिकटवायचा, चिन्हाचे तुकडे करून त्यांची गोष्ट रचायची आणि लिहायला शिकायचं. सहाव्या आवृत्तीत अशी २,२०० चिन्हं आहेत. उच्चार पहिल्या खंडात नाहीतच, ते दुसऱ्या खंडात येतात. इंजिनिअरला हे फार आवडतं. एक की, एक व्हॅल्यू. आणि चिन्हं लक्षात राहतात, हे कबूल करायलाच हवं. मी आजही हातानं जी कांजी लिहितो, ती या पुस्तकामुळे.

हायसिग यांचा मूळ युक्तिवाद असा, की चिनी विद्यार्थी जपानी शिकायला येतो तेव्हा चिन्हांचे अर्थ त्याला आधीच माहीत असतात, फक्त उच्चार शिकायचे उरतात. मग बाकीच्यांनीही आधी त्या जागी पोचावं. युक्तिवाद चांगला आहे, पण तो शिकणाऱ्याकडे काय नाही एवढंच मोजतो. बाळकुममध्ये वाढलेल्या मराठी मुलाकडे काय आहे, हा प्रश्न तिथे येत नाही. आणि आम्हीही तो विचारत नाही, कारण जपानी शिकायचं म्हणजे इंग्रजीतूनच, हे आम्ही धरून चालतो.

जपान सरकारच्या नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या यादीत २०१०पासून २,१३६ चिन्हं आहेत. त्यात माझ्या या चिन्हाचे बारा उच्चार दिले आहेत. 'सेई' आणि 'शो' हे दोन चीनकडून आलेले, त्यांना ओन्-योमी म्हणतात. उरलेले दहा अस्सल जपानी, कुन्-योमी : इकिरु म्हणजे जगणं, उमारेरु म्हणजे जन्मणं, हाएरु म्हणजे उगवणं, नामा म्हणजे कच्चं, वगैरे. ढोबळ नियम असा, की शब्द एकटा आला तर जपानी उच्चार, जोडशब्दात आला तर चिनी. म्हणून शिक्षक 'सेन्सेई' आणि विद्यार्थी 'गाकुसेई'.

आता आपल्याकडे बघा. नळाला येतं ते पाणी. पण महापालिकेच्या पाटीवर तेच 'जलकुंभ' आणि 'जलवाहिनी' होतं. एकटं असताना देशी, जोडशब्दात संस्कृत. मग 'पाणीपट्टी' कशी? 'जलपट्टी' कोणी म्हणत नाही. पाणी आणि जल या दोन्हींसाठी मराठीत एकच चिन्ह असतं, तर पहिलीतल्या मुलालाही 'कुंभ'च्या आधी जल आणि 'पट्टी'च्या आधी पाणी वाचायला अडचण आली नसती. त्याला नियम माहीत नसता, शब्द माहीत असते. माझा 'नामा देता' हीदेखील एक पाणीपट्टीच होती.

असं चिन्ह मराठीत नाही, असं मी बरेच दिवस समजत होतो. मग लिफ्ट बंद पडली म्हणून एकदा सोसायटीचा जिना चढताना भिंतीवर वाचलं : '२ रा मजला'. त्या २चा उच्चार 'दोन' नाही, 'दुस' आहे. पुढचा 'रा' तेवढ्यासाठीच आहे. '१ ला' मध्ये १चा 'पहि' होतो, '४ था' मध्ये ४चा 'चौ'. जपानीत कांजीपुढे शेपटासारखी हिरागाना अक्षरं लिहितात, त्यांना ओकुरिगाना म्हणतात. चिन्हापुढे 'किरु' आलं की वाचायचं 'इकिरु', 'मारेरु' आलं की 'उमारेरु'. आपला 'रा' हेच काम करतो. आणि ३९ तर 'एकोणचाळीस' : त्यात ना तीन ऐकू येत, ना नऊ. जपानीत हेच रोप हिरवळीच्या 'शिबाफु' या शब्दात 'फु' होतं. तो उच्चार त्या बारांत बसत नाही, शब्द अख्खा शिकावा लागतो.

ही तुलना फार ताणू नये. आपल्याकडे असे आकडे दहा, तिकडे चिन्हं दोन हजारांवर. मराठी आली म्हणून कांजी येत नाही, घोकंपट्टी चुकत नाही. पण एका चिन्हाला एकच उच्चार हवा, हा हट्ट मराठी माणसाला तरी शोभत नाही. उच्चार चिन्हाचा नसतो, शब्दाचा असतो. अर्थाचंही तेच. रोपाच्या त्या चिन्हात जन्म, जगणं, उगवणं आणि कच्चेपणा एकत्र नांदतात. त्यातला कोणता बाहेर येईल, हे शेजारचा शब्द ठरवतो. 'लाइफ' ही त्यावर लावलेली चिठ्ठी आहे. हायसिग अर्थ आणि उच्चार दोन खंडांत वेगळे करतात, तेव्हा ज्यात दोन्ही एकत्र राहतात तो शब्दच मधून निसटतो.

हे पुस्तक मी अजून ठेवलं आहे, फक्त लिहायच्या सरावासाठी. वहीत मात्र आता चिन्हांची यादी नाही, शब्दांची आहे, आणि समोर मराठी अर्थ. 'नामा देता' पहिल्या पानावर आहे. समोर लिहिलंय : कच्चा डेटा, न निवडलेल्या तांदळासारखा.